कळलावीचं बी, कोकोपीट आणि वापसा: कंदवाल्या औषधी वनस्पती बियांपासून वाढवताना माध्यम कसं जमवावं

दिवाळीच्या पुढेमागे कळलावीची बोंडं वाळून तडकतात. तीन फाकी उघडतात आणि आत मटारापेक्षा लहान, शेंदरी-लाल गोल दाणे ओळीने चिकटलेले दिसतात. दाणा इतका रसरशीत असतो की आत्ता पेरला तर आठवड्यात उगवेल असं वाटतं. तसं होत नाही. ताजं बी मातीत टाकलं की महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात. ‘हिचं बी येत नाही, कंदच लावा’ हे मी कितीतरी बागवानांच्या तोंडून ऐकलं आहे. पण बी येतं. फक्त ते ज्यात पेरतो त्या माध्यमाकडे आपण नीट बघत नाही.

बियांपासून वाढवायचा आग्रह मी धरतो, कारण कंदाचा दुसरा अर्थ बहुतेक वेळा रानातून उकरलेला कंद असा असतो. कळलावीचा एक कंद खणला की तो वेल त्या जागेवरून गेला. एका बोंडात मात्र कितीतरी बिया असतात. दोन-चार बोंडं घेतली आणि बाकीची वेलीवरच ठेवली, तर रानाचं काही बिघडत नाही. बियांपासून फुलापर्यंत यायला तीन-चार पावसाळे लागतात हे खरं आहे. तेवढा धीर असेल तर पुढचं सगळं हाताशी असलेल्या वस्तूंनी होण्यासारखं आहे.

आधी वापसा

शेतकऱ्याला जे एका शब्दात कळतं, ते समजवायला पुस्तकं पानं खर्च करतात. तो शब्द म्हणजे वापसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असते, पण चिखल नसते. मूठ वळते आणि बोटाने टोचली की फुटते. त्या अवस्थेत मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि मधल्या पोकळ्यांत हवा असते. बियाला दोन्ही लागतात. पाणी पिऊन ते फुगतं, आतला गर्भ जागा होतो, आणि जागा झाला की त्याचं श्वसन वाढतं. त्या वेळी भोवती नुसतं पाणी असेल तर प्राणवायू मिळत नाही आणि बी आतून कुजतं.

मूग, मेथी, झेंडू यांचं तीन-चार दिवसांत भागतं, म्हणून माध्यम थोडं वाईट असलं तरी ती निभावून नेतात. कळलावीचं बी मात्र पेरल्यापासून तीन आठवडे ते तीन महिने, कधी त्याहून जास्त, मातीत थांबतं, आणि सगळी बियाणी एकदम उगवत नाहीत. म्हणजे एक दिवस नव्हे, सगळा पावसाळा त्या बियाभोवती वापसा टिकला पाहिजे. माध्यमाचं खरं काम हे आहे. बियाला खाऊ घालणं हे त्याचं काम नाही. बी आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेलं असतं.

कंदवाल्या झाडांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार उशिरा कळली. ही रोपं पहिल्याच वर्षी झोपी जातात. पावसाळ्यात चार पानं काढतात, खाली मटाराएवढा कंद करतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचा भाग सुकून नाहीसा होतो. पुढचे सहा-सात महिने तो इवलासा कंद त्याच पिशवीत, त्याच माध्यमात पडून असतो. जून-जुलैत उत्तम उगवण देणारं माध्यम डिसेंबरात कंद कुजवू शकतं. म्हणून मिश्रण ठरवताना मी आधी हिवाळ्याचा विचार करतो.

तीन झाडं, तीन स्वभाव

कंद म्हटलं तरी सगळे कंद एक नव्हेत. मी ज्या तिघांबद्दल खात्रीने लिहू शकतो ते असे.

कळलावी, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा दुफाटा असतो. भाद्रपदात गौरीच्या सुमारास कोकणातल्या कुंपणांवर पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुलते ती हीच. तामिळनाडूचं हे राज्यपुष्प आहे आणि बियांतल्या कोल्चिसीन या औषधी पण विषारी द्रव्यासाठी तिची मोठी शेतीही तिथेच होते. बी गोल, टणक, हट्टी.

सफेद मुसळी, म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. नावातच आपली बोरिवली आहे. ही खालून बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका करते. बी बारीक, काळं, कांद्याच्या बियासारखं कोनेदार. उगवण मुळातच कमी, म्हणून व्यापारी लागवड जवळजवळ सगळी बेण्यावर चालते. बी पेरायचं तर जास्त पेरायचं.

रानकांदा किंवा कोलकांदा, म्हणजे ड्रिमिया इंडिका. हा खरा पापुद्र्यांचा कांदा. उन्हाळ्यात पानं नसताना नुसता फुलांचा दांडा येतो आणि पावसाच्या तोंडावर बोंडं तयार होतात. बी काळं, चपटं, कागदासारखं हलकं. याला झोप फारशी नसते. गोळा केलं की त्याच पावसात पेरायचं. ठेवून देण्यात तोटा आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो. कळलावी आणि रानकांदा दोन्ही विषारी आहेत. आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत धरलं आहे, आणि शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. बाळंतपणाच्या कळा लावणारी म्हणून कळलावी असं नाव पडलं असलं तरी घरगुती औषध म्हणून तिचा कंद किंवा बी वापरणं जिवावर बेततं. बी हाताळताना हातमोजे घाला, भिजवायला स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका, आणि लहान मुलं व गुरं यांच्या वाटेत काही ठेवू नका.

माध्यमात काय घालायचं

वाळूपासून सुरुवात करू, कारण कंदाच्या कामात तीच मुख्य. नदीची भरड वाळू हवी, साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर कणांची. गिलाव्याची बारीक वाळू घेतली तर तिचे कण एकमेकांत बसून पोकळ्या बुजतात आणि निचरा व्हायच्या ऐवजी उलट होतं. समुद्राची वाळू खारी असते, ती घेऊच नका. क्रशरची वाळू चालते, पण तिच्यातली भुकटी धुऊन काढल्याशिवाय नाही: घमेल्यात वाळू घ्या, पाणी ओता, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या, पाणी निवळ दिसेपर्यंत हे करा. चार-पाच वेळा करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण याच कामावर पुढचं सगळं उभं आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आता तालुक्याच्या गावीही मिळतं. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भरते. ते पाणी खूप धरतं, हलकं असतं, मुळं त्यात सहज पसरतात. मात्र त्यात दोन खोडी आहेत. पहिली मिठाची: नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, आणि न धुतलेल्या विटेत ते बियाला त्रास देण्याइतके असू शकतात. भरपूर पाण्यात रात्रभर भिजवून, पिळून, पाणी टाकून द्या, आणि असं दोन-तीन वेळा करा. दुसरी खोड जास्त फसवी आहे. कोकोपीट वरून वाळलेलं, फिकट तपकिरी दिसतं आणि खाली चिंब असतं. माणूस वर बघून पाणी घालतो. कोकोपीटमध्ये कंद मेले असं कोणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो: पाणी वर बघून घालत होता, की पिशवी उचलून?

माती घालायची की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. मी थोडी घालतो, कारण पूर्ण मातीविना मिश्रण उन्हाळ्यात इतकं कोरडं पडतं की पुन्हा भिजायला तयार होत नाही. पोयटा माती उत्तम. जांभ्याची तांबडी माती चालते, पण तिच्यावर पावसाने पापडी धरते आणि कोवळा अंकुर त्या पापडीखाली अडकतो, तेव्हा ती चाळून आणि वाळूत मिसळूनच. काळी माती बियांसाठी नको. ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते. वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगेत इवलं मूळ तुटतं.

पालापाचोळ्याचं कुजलेलं खत मला सगळ्यांत आवडतं. आंबा, फणस, ऐन, किंजळ, कुठल्याही पानांचं दीड-दोन वर्षं कुजून काळं, भुसभुशीत झालेलं, मातीचा सुवास येणारं. यात पाणी राहतं आणि हवाही राहते, आणि क्षार कमी असतात. कळलावी आणि मुसळी दोघी जंगलाच्या कडेला, झुडपांखाली याच पाचोळ्यात उगवतात.

गांडूळखताबद्दल मात्र सावध राहा. खत म्हणून ते चांगलंच आहे, पण त्यात विद्राव्य क्षार पुष्कळ असतात आणि कण बारीक असल्यामुळे ते पाणी धरून बसतं. पेरणीच्या मिश्रणात दहा भागांत एक भाग, फार तर दीड. मी एका वर्षी अर्धं गांडूळखत घातलं होतं, जास्त दिलं तर जास्त येईल या समजुतीने. काही बियाणी उगवली, पण पानांची टोकं करपत गेली, आणि सप्टेंबरात पिशव्या उलट्या केल्या तेव्हा तळाला काळपट लगदा होता. शेणखत वापरायचं तर वर्षभर कुजलेलं, चाळलेलं. कच्च्या शेणखतातून अमोनिया सुटतो आणि हुमणीही येते.

भाताच्या तुसाचा कोळसा हा आमच्याकडे फुकट मिळणारा चांगला पदार्थ. हलका, पोकळ, निचऱ्याला उत्तम. अर्धवट जाळलेला काळा तूस घ्या. पूर्ण जळून पांढरी राख झालेला नको, ती अल्कधर्मी असते. विटेचा चुरा, परलाइट (तापवून फुलवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) हेही निचऱ्याचंच काम करतात. व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखं फुलवलेलं खनिज) उलट पाणी धरतं, त्यामुळे मुसळीच्या बारीक बियांवर पातळ थर द्यायला चांगलं.

मिश्रणं

मापं आकारमानाची आहेत, वजनाची नव्हेत. एकच डबा मोजायला घ्या.

कळलावी: धुतलेली भरड वाळू ४ भाग, पाचोळ्याचं खत ३ भाग, धुतलेलं कोकोपीट २ भाग, चाळलेली पोयटा माती १ भाग.

सफेद मुसळी: पाचोळ्याचं खत ३, कोकोपीट ३, वाळू ३, गांडूळखत १. सगळं तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेलं, कारण बी बारीक असतं आणि ढेकळाच्या पोटात गेलं की हरवतं.

रानकांदा: वाळू ६, पाचोळ्याचं खत २, तांबडी माती २. कोकोपीट नको. हा कातळाच्या फटीत आणि किनाऱ्याच्या रेताड जागेत वाढणारा गडी आहे. त्याला मऊ गादी सोसत नाही.

ही कोकणातल्या पावसाची मापं आहेत. नगर, सोलापूरकडे किंवा पाचव्या मजल्याच्या वाऱ्याच्या गॅलरीत माध्यम लवकर वाळतं. तिथे वाळूचा एक भाग कमी करून कोकोपीटचा एक भाग वाढवा. रानकांद्याचं मात्र तसंच ठेवा.

मिश्रण पारखायच्या दोन कसोट्या

पहिली हवेची. एक लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, साधारण तुमच्या पिशवीइतक्या उंचीचा. तळाला सात-आठ भोकं पाडून बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. किंचित ओलसर मिश्रण काठोकाठ भरा आणि डबा दोनदा जमिनीवर हलकेच आपटा. खाली बसलं तेवढं पुन्हा भरा. आता कडेने हळूहळू पाणी सोडा, वर पाण्याची चकाकी दिसेपर्यंत. अर्धा तास थांबा, लागलं तर पुन्हा थोडं घाला. मग डबा रिकाम्या बादलीवर धरून पट्टी काढा आणि गळणं थांबेपर्यंत तसाच ठेवा. बादलीत जमलेलं पाणी मोजा. जितकं पाणी गळलं तितकी जागा आता हवेची आहे. दोनशे मिलिलिटर गळलं म्हणजे वीस टक्के हवा.

कळलावीला मी वीस ते पंचवीस टक्के धरतो, मुसळीला पंधरा ते वीस, रानकांद्याला पंचवीसच्या वर. कमी आलं तर भरड वाळू किंवा तुसाचा कोळसा वाढवा आणि पुन्हा मोजा.

डबा पिशवीइतका उंच का, याचं कारण स्वयंपाकघरातल्या स्पंजात दिसतं. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, गळणं थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. खालून पुन्हा पाणी गळायला लागेल. माध्यमाचंही असंच. कुठल्याही भांड्याच्या तळाशी एक चिंब थर राहतोच, आणि उथळ ट्रेमध्ये तो थर बियापर्यंत पोचतो. तेच मिश्रण खोल पिशवीत भरलं की बी त्या थराच्या बरंच वर राहतं. म्हणून कळलावीसाठी मी बारीक कप्प्यांचे प्रो-ट्रे वापरत नाही, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल पिशव्याच वापरतो. दुसरं कारण असं की कळलावीचा कंद खाली खाली जात राहतो. उथळ कप्प्यात तो बरोबर त्या चिंब थरात जाऊन बसतो.

दुसरी कसोटी क्षारांची. थोड्या मिश्रणात अळिवाच्या वीस बिया टाका आणि शेजारी नुसत्या धुतलेल्या वाळूत वीस. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतं आणि क्षार किंवा कच्चं खत त्याला लगेच बाधतं. वाळूतलं नीट आलं आणि मिश्रणातलं मागे पडलं, किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर मिश्रण अजून तयार नाही. भरपूर पाणी ओतून धुवा किंवा महिनाभर थांबा. कळलावीच्या बियांनी हीच चूक कळायला तीन महिने लागले असते.

मिश्रण तापवणं

इतके दिवस मातीत थांबणाऱ्या बियाला बुरशी गाठणारच. एप्रिल-मेचं ऊन हे आपल्याकडचं सगळ्यांत स्वस्त औषध आहे. मिश्रण ओलसर करा, फरशीवर किंवा प्लास्टिकवर वीतभर जाडीचा थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा दगड-मातीने घट्ट दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच सोडा. काळं प्लास्टिक नको. पारदर्शकाखाली ऊन थेट मिश्रणापर्यंत जातं. नंतर थंड झालेल्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला आवरणारी उपकारक बुरशी मिसळलेलं थोडं शेणखत घाला. किलोभर शेणखताला दहा ग्रॅम पावडर पुरते. आधी घातलं तर उन्हात तीही मरेल.

बी तयार करणं

कळलावीचं बी नोव्हेंबर-डिसेंबरात गोळा करा, तेही आपणहून तडकलेल्या बोंडांतून. हिरवट बोंड तोडून घरी पिकवलेलं बी पोकळ निघण्याची शक्यता जास्त. वरचं लाल मांसल आवरण वाळूत चोळून काढा, सावलीत पंधरा दिवस वाळवा आणि कापडी किंवा कागदी पिशवीत, नाव आणि तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम धरतो. मेपर्यंत हे दाणे खड्यासारखे टणक होतात, आणि हा थांबण्याचा काळ वाया गेलेला नसतो; त्यातच त्यांची झोप उतरते.

मृग लागला की, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बी काचपेपरवर एका बाजूने हलकेच घासा. चकाकी जाऊन खरखरीत ठिपका दिसला की थांबा. आतला भाग उघडा पडता कामा नये. मग कोमट पाण्यात चोवीस तास भिजवा आणि मध्ये दोनदा पाणी बदला. हे पाणी कुठल्याही रोपांवर ओतू नका. कोल्चिसीन पाण्यात विरघळतं आणि ते पेशींचं विभाजन अडवतं; १९३७ पासून वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करायला संशोधक तेच वापरत आले आहेत. विहीर आणि गुरांपासून लांब, पडीक जागेत खड्डा करून टाका.

मुसळीचं बी घासायचं नाही, भिजवायचंही फार नाही; सहा-आठ तास पुरे. रानकांद्याचं बी कोरडंच पेरा.

पेरणी

पिशवी भरताना थरथरवून भरा, पण अंगठ्याने दाबू नका. आदल्या दिवशी झारीने पाणी द्या आणि पेरताना माध्यम वापश्यावर असू द्या. कळलावीच्या दोन बिया एका पिशवीत, एक ते दीड सेंटिमीटर खोल, एकमेकींपासून दोन बोटं लांब. वरून अर्धा सेंटिमीटर नुसत्या भरड वाळूचा थर. हा थर लहान वाटतो, पण त्याने तीन गोष्टी होतात: पावसाच्या थेंबांनी बी उघडं पडत नाही, वर शेवाळ धरत नाही आणि अंकुराचा गळा कोरडा राहतो. रोप कोलमडण्याचा रोग लागतो तो बरोबर त्या गळ्याशी.

मुसळीचं बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून खोलगट ट्रेमध्ये पसरा, वर तीन-चार मिलिमीटर बारीक पाचोळा-खत किंवा व्हर्मिक्युलाइट चाळा. रानकांद्याचं चपटं बी वाऱ्याने उडतं. ओल्या माध्यमावर ठेवून बोटाने दाबा आणि वरून जेमतेम झाकेल इतकी वाळू भुरभुरा. हिरव्या सुयांसारखी पानं वर येतात तेव्हा थेट कांद्याच्या रोपाची आठवण होते.

पिशव्या कुठे ठेवता यालाही तितकंच महत्त्व आहे. निम्म्या सावलीच्या शेडनेटखाली, आणि कोकणात असाल तर वर पारदर्शक प्लास्टिकचं छत हवंच. माझी एक रांग एकदा पडवीच्या कडेला, बरोबर पागोळ्यांखाली आली होती. माध्यम तेच, बी तेच, पेरणीचा दिवस तोच. आतल्या रांगांत ऑगस्टभर एकेक अंकुर येत राहिला. पागोळ्यांखालच्या पिशव्यांत वाळूचा थर वाहून गेला होता, माध्यम घट्ट बसलं होतं, आणि खणून बघितलं तर बी बोटांत दाबल्यावर पिठासारखं फुटलं. चांगलं माध्यमही पाण्याच्या माऱ्यापुढे माध्यम राहत नाही.

पाणी

भरल्यावर एक पिशवी पूर्ण भिजवून, निथळवून हातात घ्या आणि तिचं वजन हाताला कळू द्या. नंतर ती निम्मी हलकी वाटेपर्यंत पाणी नको. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असतो. छताखालच्या पिशव्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. पाणी बारीक झारीने द्या किंवा परातीत ठेवून खालून शोषू द्या, आणि खालून दिलं तर तासाभरात उचला.

उगवण दिसत नाही म्हणून उकरून बघायचा मोह होतो. त्यासाठी सुरुवातीलाच एक जादा पिशवी पेरा आणि फक्त तीच उकरा. बी टणक आणि फुगलेलं असेल तर सगळं ठीक आहे. मऊ पडलं असेल तर पाणी कमी करा. पंचवीस अंशांच्या आसपासचं तापमान कळलावीला मानवतं, आणि आपला जुलै-ऑगस्ट ते आपोआप देतो.

पहिली पानं साधी असतात, त्यांना टोकाचे वळणदार ताणे नसतात. म्हणून तण समजून उपटू नका. ऑगस्टअखेर वर्मीवॉश (गांडूळखतातून निथळवलेलं पाणी) एकास दहा पाण्यातून, पंधरा दिवसांनी एकदा, एवढंच खाणं पुरे.

झोपेचे महिने

ऑक्टोबरात पानं पिवळी पडायला लागली की पाणी निम्म्यावर आणा, सुकली की बंद. इथे बरेच लोक घाबरून जास्त पाणी घालतात आणि वर्षभराची मेहनत घालवतात. पिशव्या सावलीत, कोरड्या जागी, छताखाली ठेवा. पहिल्या वर्षी कंद काढू नका. कळलावीच्या कंदाचा डोळा अगदी टोकाला असतो आणि नखाएवढ्या कंदावरचं ते टोक मोडलं की त्यातून वेल येत नाही. महिन्यातून एकदा एखादा शिंतोडा चालेल, तोही फार कोरड्या भागात.

स्वतःची चाचणी

माझी मापं जशीच्या तशी घेण्यापेक्षा तुमच्या गावच्या वाळूवर, तुमच्या पाण्यावर ती तपासा. चार माध्यमं घ्या: नुसती धुतलेली वाळू, नुसतं कोकोपीट, वरचं मिश्रण, आणि तुमच्या परसातली माती. प्रत्येकात शंभर बिया, पंचवीसच्या चार गटांत, आणि गट एकाच रांगेत न ठेवता एकमेकांत मिसळून ठेवा, म्हणजे ऊन आणि पागोळ्यांचा फरक सगळ्यांना सारखा वाटला जाईल. बी एकाच वेलीच्या गोळ्यातलं, एकाच दिवशी भिजवलेलं. दर रविवारी मोजा आणि वहीत लिहा. बारा आठवडे मोजणं चालू ठेवा, कारण कळलावीत सहाव्या आठवड्याचा आकडा फसवतो.

नुसती वाळू का ठेवायची? ती पारखणी आहे. वाळूतही काहीच उगवलं नाही तर बी खराब किंवा अजून झोपेत. वाळूत आलं आणि मातीत नाही तर दोष मातीचा.

आणि वही ऑक्टोबरात बंद करू नका. पुढच्या मृगाला प्रत्येक माध्यमातल्या किती पिशव्यांतून पुन्हा अंकुर वर आला ते मोजा, आणि माध्यमांची निवड त्या आकड्यावर करा. कोकोपीटमध्ये उगवण भरघोस दिसते, पण हिवाळ्यात जरा ओल राहिली तर कंद जातात. वाळूत कंद टिकतात, पण उपासमारीने बारीक राहतात.

दुसऱ्या पावसाळ्यात अंकुर बोटभर आला की पिशवी एका बाजूने कापा, पूर्ण गोळा न फोडता मोठ्या, फूटभर खोल कुंडीत उतरवा. खाली त्याच मिश्रणात कुजलेलं शेणखत घातलं तरी चालेल, आता ते पचवायला कंद तयार आहे. शेजारी करवंदाची एखादी फांदी रोवा. या वर्षी पानांच्या टोकांना ताणे फुटतात आणि त्यांना धरायला काही लागतं.